तारेखालून शंभर टन

माझ्या धंद्याला नाव नाही. ट्रकवाल्याला ट्रकवाला म्हणतात, लाइनमनला लाइनमन, साहेबाला साहेब. या तिघांच्या मध्ये बांबू घेऊन जो उभा असतो, तो मी. अलीकडे कागदोपत्री मला 'लोकल को-ऑर्डिनेशन' म्हणतात. म्हणजे माणूससुद्धा नाही, खर्चाची एक बाब. नागपूरच्या प्रताप नगरात मी स्वतःच्या हिमतीवर घर बांधलं, पण शेजारचे निवृत्त प्रोफेसर अजून मला विचारतात, "भोयर, तुम्ही नेमकं करता काय हो?" या दिवाळीला त्यांच्या हातात हा अंकच ठेवणार आहे. त्यानंतरही विचारलं, तर भांडण होईल.

तर सांगतो. हायवेवर कधी तरी तुम्ही एक राक्षसी ट्रेलर पाहिला असेल. चाकं मोजताना नजर थकते. वर ताडपत्रीत गुंडाळलेलं घराएवढं काहीतरी, आणि चाल म्हाताऱ्या माणसाची. तुम्ही मागून हॉर्न वाजवता, शिव्या देता, आणि संधी मिळाली की पुढे सटकता. त्या ताडपत्रीखाली बहुतेक वेळा विजेचा ट्रान्सफॉर्मर असतो. तो सबस्टेशनपर्यंत पोचला की तुमच्या गिरण्या फिरतात, शीतगृहं थंड राहतात आणि मोबाइल चार्ज होतात. त्याच मोबाइलवर तुम्ही नंतर 'ट्रॅफिकमध्ये अडकलोय, कोण हा मूर्ख' असा मेसेज टाकता. मूर्ख तो पुढच्या जीपमध्ये असतो. नमस्कार.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे याचा आम्हाला फार अभिमान. त्याचा व्यवहारातला अर्थ इतकाच, की उत्तरेचं दक्षिणेला आणि पूर्वेचं पश्चिमेला जे काही जातं, ते आमच्या अंगावरून जातं. मोठे रस्ते झाले, पूल झाले, छान झालं. पण ट्रान्सफॉर्मर काही हायवेवर राहायला येत नाही. त्याला शेवटी हायवे सोडून उमरेडकडे, कुहीकडे, एखाद्या गावाच्या पोटातून जावं लागतं. आणि गावाच्या पोटात, डोक्याच्या वर, तारा असतात.

माझं काम तारांचं. माल जेवढा उंच, त्याहून एक वीत जास्त लांबीचा बांबू कापायचा, तो जीपला उभा बांधायचा, आणि ट्रेलरच्या आधी सगळा रस्ता फिरून यायचं. बांबू जिथे अडेल तिथे उतरायचं आणि ती वस्तू कोणाची आहे हे शोधायचं. विजेची तार असेल तर वीज कंपनीकडून तेवढा वेळ लाइट बंद करून घ्यायची. त्याला आम्ही शटडाऊन म्हणतो. बाकी सगळं बोलण्यावर. केबलची तार, इंटरनेटची तार, पताका, झाडाची फांदी, स्वागताची कमान. रस्त्यावरून गेलेल्या तारेला मालक नसतो, हे या धंद्यातलं पहिलं ज्ञान. ती तुटली की चार मालक उभे राहतात, हे दुसरं.

तिसरं ज्ञान उन्हानं दिलं. हिवाळ्यात बांबू ज्या तारेखालून आरामात गेला, ती तार आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी पोट सोडून खाली येते. ऊन उतरलं की पुन्हा आवरते. एकदा बाहेरगावचा एक मॅनेजर घड्याळ बघत मला म्हणाला, "आपण नक्की कशासाठी थांबलोय?" मी म्हटलं, "साहेब, तार झोपली आहे. उठली की जाऊ." त्याला वाटलं मी पिऊन आलोय. संध्याकाळी तार उठली, आम्ही गेलो. तो माणूस पुढे माझा दोस्त झाला, पण त्या दिवशी त्यानं माझ्या तोंडाचा वास घेतला होता, हे मी विसरलेलो नाही.

मी तसा विसरतच नाही. तो माझा स्वभाव आहे.

माणसांचे किस्से सांगायचे तर दोनच सांगतो. एका गावात एका बाईनं घराच्या खिळ्यापासून समोरच्या कडुलिंबापर्यंत, रस्त्याच्या आरपार, कपडे वाळत घालायची तार बांधली होती. वर नऊवारी वाळत होती. मी म्हटलं, "काढा." ती म्हणाली, "ओली हाय." मी म्हटलं, "बाई, शंभर टन माल येऊन राहिला." ती म्हणाली, "येऊ द्या ना. तो का साडी नेसणार हाय?" थांबलो. मे महिना होता म्हणून बरं, लवकर वाळली. पावसाळा असता तर देशाची प्रगती त्या लुगड्याखाली दोन दिवस भिजली असती.

दुसरा किस्सा वाढदिवसाच्या कमानीचा. कोणत्या नेत्याचा, ते सोडा, ते सगळे एकाच दिवशी जन्मल्यासारखे वागतात. कार्यकर्ता कमान काढू देईना. साहेबांचा अपमान होतो म्हणे. मी आधी तापलो, मग डोकं चालवलं. म्हटलं, "तुमचा बॅनर ट्रेलरवर बांधा. साहेब स्वतः गावात वीज घेऊन येऊन राहिले, असं दिसते." त्याचे डोळे चमकले. कमान झटक्यात उतरली. ट्रान्सफॉर्मर साहेबांचा फोटो छातीवर घेऊन पुढच्या गावात गेला, तर तिथे विरोधी पक्षाचे लोक काळे झेंडे घेऊन उभे. सौदा करताना पुढचं गाव कोणाचं आहे हे पाहावं, ही अक्कल मला त्या दिवशी आली.

आता ज्या सौद्यात मी हरलो, त्याचं सांगतो. खरं तर लिहायला बसलो तो त्याच्यासाठीच.

उमरेड आणि कुहीच्या मधल्या पट्ट्यातलं एक गाव. धानाचे बांध, एक पानठेला, बुद्धविहार, आणि विहाराच्या पुढे वंदनाताई मेश्राम यांचं दुकान. झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन कामं. गावातलं इंटरनेट म्हणजे त्यांच्या दुकानात शिरणारी एक काळी तार. ती रस्ता ओलांडून त्यांच्या दारच्या खांबावर यायची. आदल्या आठवड्यात माझा बांबू तिच्याखालून नीट गेला होता. मधल्या काळात कोणा शहाण्यानं तिच्यावर आणखी एक तार गुंडाळली आणि वजनानं ती लोंबली. ट्रेलर घेऊन आलो त्या दिवशी बांबूचं टोक तिला लागलं.

एरवी असं झालं की तार एका बाजूनं सोडायची, माल काढायचा, पुन्हा बांधायची. पण या तारेचा जोड नेमका दारच्या खांबावर होता. सोडायची म्हणजे जोड उघडायचा. जोड उघडला की इंटरनेट बंद.

माझा माणूस शिडी घेऊन निघाला. तोच वंदनाताईंनी दुकानातली लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, रस्त्याच्या मधोमध ठेवली, आणि ट्रेलरकडे तोंड करून बसल्या.

"भाऊ, तार सोडायची नाई."

"ताई, पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटं नाई अन् दोन मिनिटं नाई. माह्या पोरीची मुलाखत हाय. आत्ता सुरू होऊन राहिली."

"कुठे?"

"घरात."

"घरात मुलाखत?"

"साहेब लोक बंगलोरले बसले हायेत, पोरगी इथं बसली हाय, अन् मधात ही तार हाय. सोडा आता, कशी सोडता ते पाहते."

मी म्हटलं, मोबाइलवर करा. त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. एक दांडी नव्हती. पुढची मोठी लाइन पार करायची म्हणून सकाळपासून मीच शटडाऊन घेतला होता, आणि त्याच्यानं टॉवरची बॅटरी बसली होती.

"लाइट तुमी बंद केली," त्या म्हणाल्या. "टावर तुमच्यानं मेला. इन्व्हर्टर रडून राहिला. आता एक तार उरली, तेही न्याले आले. अजून काई पायजे का? चहा?"

मी तापलो. माझं तापणं या पट्ट्यात प्रसिद्ध आहे, पानठेल्यावरचे लोक ते पाहायला पुढे सरकले. मी म्हटलं, शटडाऊन दुपारपर्यंतच आहे, त्यात माल पार झाला नाही तर आजचा दिवस गेला, ट्रेलरवाली कंपनी माझा गळा धरेल. ह्या ट्रान्सफॉर्मरवर किती गावांची वीज अडली आहे, माहीत आहे का? कारखाने अडलेत! आणि तुम्ही एका पोरीसाठी?

"माही एकच हाय," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यभर भाव केले. समोरच्याला काय हवं ते ओळखायचं, त्याच्या थोडं अलीकडे थांबायचं, इतकंच त्यातलं कसब. या बाईला खुर्चीवरून उठण्यासाठी काहीच नको होतं. माझ्याकडे द्यायला जे होतं ते सगळं निरुपयोगी. आणि जे तिला हवं होतं ते मीच सकाळपासून एकेक करून बंद पाडलं होतं. दारातून मुलगी डोकावली. रोहिणी तिचं नाव. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला परकर. कॅमेऱ्यात वरचंच दिसतं. ती घाबरून म्हणाली, "आई, डब्याची लाइट लुकलुकून राहिली." डबा म्हणजे इंटरनेटची ती भिंतीवरची पेटी. इन्व्हर्टर आता जाणार होता.

नंतर काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी ओरडलो एवढं खरं, पण ओरडलो माझ्याच माणसावर. "अबे, पाहत काय उभा हायेस! जीपची बॅटरी काढ!" असली पेटी जीपच्या बॅटरीवर चालते हे आम्हाला माहीत होतं, कामावरच्या तंबूत टीव्हीची पेटी आम्ही तशीच चालवायचो. आम्ही बॅटरी उचलून दुकानात नेली, वायर जोडली, हिरवा दिवा स्थिर झाला. मी सौदा करायला गेलो होतो आणि बॅटरी देऊन आलो.

वंदनाताई म्हणाल्या, "आता त्या ट्रेलरचं इंजिन बंद करा. आवाज आत येते."

ट्रेलरचा ड्रायव्हर रामअवतार, आजमगढचा, अर्धा देश पालथा घातलेला माणूस. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि कुजबुजत म्हणाला, "भोयर जी, सौ टन माल को आज पहली बार किसी ने चुप कराया है."

मागे एसटी अडकली. कंडक्टर जाब विचारायला आला, त्यालाही ताईंनी तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. त्यानं परत जाऊन ड्रायव्हरला हॉर्नवरचा हात काढायला लावला. प्रवासी एकेक करून उतरले, सावलीत उभे राहिले. इतके लोक आणि इतकी शांतता पाहून एक म्हातारबाबा मला म्हणाले, "कोन मेलं गा?"

"कोनी नाई मेलं बाबा. मुलाखत हाय."

"कोनाची?"

"मेश्राम बाईच्या पोरीची."

"मंग ठीक हाय," असं म्हणून तेही काठी टेकून उभे राहिले, जणू मुलाखतीला उभं राहणं ही गावातली नेहमीची पद्धत आहे.

आतून इंग्रजी ऐकू येत होतं. कंडक्टर पदवीधर होता, तो हळूच भाषांतर करू लागला. "स्वतःबद्दल सांगा म्हणून राहिले... सांगून राहिली, चांगलं सांगून राहिली... आता विचारलं, चिडलेल्या गिऱ्हाइकाले तुमी कसं सांभाळसान?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणते, पहिले त्याले पुरतं बोलू देईन. मंग त्याचं खरं काम काय हाय ते विचारीन."

रामअवतार तोंडात गमछा कोंबून हसत होता. मी दुसरीकडे पाहिलं.

मुलाखत लांबली. एका साहेबाला दुसऱ्याची वाट पाहायची होती, बंगलोरलाही ट्रॅफिक असतं. ती संपली, ताई खुर्ची उचलून बाजूला झाल्या, आम्ही तार सोडली, माल काढला, तार पुन्हा बांधली. पण पुढच्या मोठ्या लाइनीपाशी पोचेपर्यंत शटडाऊन संपला होता. लाइनीत वीज आली. ट्रेलर जागेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा शटडाऊन, पुन्हा सगळी मिरवणूक.

कंपनीनं माझ्याकडून खुलासा मागितला. मी खरं सांगितलं. खरं सांगायची मला सवय नाही, म्हणून बहुधा ते नीट जमलं नाही. "एका मुलीची मुलाखत होती" हे वातानुकूलित खोलीत फार विचित्र ऐकू येतं. अहवालात आलं, 'विलंब स्थानिक समन्वयाच्या त्रुटीमुळे'. पुढचं काम बाहेरच्या एका फर्मला गेलं. त्यांच्याकडे ड्रोन होता. खोटं कशाला बोलू, ड्रोन माझ्या बांबूपेक्षा बरा आहे. तारेची उंची अचूक सांगतो, त्याला ऊन लागत नाही आणि तो कोणावर ओरडत नाही. पण मी क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो तेव्हापासून जे काही कमावलं, ते असं एका वाक्यात काढून घेतलेलं मला पचलं नाही. अजून पचत नाही.

पाऊस संपल्यावर मी मोटरसायकल काढली आणि त्या गावी गेलो. भांडायलाच गेलो होतो. वंदनाताई झेरॉक्स काढत होत्या.

"या भाऊ. बसा."

"बसायले नाई आलो. पोरीले नोकरी लागली का?"

"नाई लागली."

हे ऐकून माझा ताबाच सुटला. "नाई लागली? मग माझं काम काहून घालवलं? माझी रोजी गेली, नाव गेलं, अन् तुमचं हे असं?"

त्यांनी मशीन बंद केलं. पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "भाऊ, तुमचं काम गेलं हे मले मालूम नव्हतं. पण मी तुमाले नोकरी नव्हती मागितली. मुलाखत मागितली होती. ते तुमी देल्ली."

सौदा झाला होता तेवढाच होता, आणि दोन्ही बाजूंनी पुरा झाला होता. धंद्यातला कोणताही माणूस हे मान्य करेल. मी मान्य केलं नाही, पण बसलो. चहा आला.

रोहिणी आतून आली. म्हणाली, "काका, मुलाखती चालूच हायेत. एक झाली की दुसरी. पण सबस्टेशनले अजून माल येणार हाय म्हणतात. दरवेळी आई खुर्ची घेऊन बसणार का?"

"बसीन," ताई म्हणाल्या.

पोरीला माझ्याकडून काय हवंय हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण धंद्याचं डोकं एकदा फिरायला लागलं की थांबत नाही.

नव्या फर्मचा माणूस पाटणकर, चाळिशीचा, सभ्य. त्यालाही गावात बोलणारा कोणी तरी हवाच होता, ड्रोन काही वंदनाताईंशी बोलू शकत नव्हता. त्यानं मला फोन केला, रोजंदारी देतो म्हणाला, जेवणही. मी उमरेड रोडवरच्या एका धाब्यावर त्याला भेटलो. माझ्या दोन मागण्या होत्या. माझं आधीचं कंत्राट पूर्वीच्या अटींवर परत. आणि त्या गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उंच लोखंडी खांब, त्यावर ती तार कायमची वर.

"खांब आमच्या बजेटमध्ये नाहीत," पाटणकर म्हणाला.

"ट्रेलर एक दिवस उभा राहिला तर बजेटचं काय होते, मले विचारा. मी त्याचा जिवंत नमुना तुमच्या समोर बसलो आहे."

त्यानं भाजी संपेपर्यंत विचार केला. मी टेबलावर मूठ आपटली, उठून गेलो, परत आलो, जे जे करायचं ते सगळं केलं. शेवटी तो म्हणाला, "भोयरजी, एकच होईल. खांब वरून मंजूर करून घेतो, सुरक्षेच्या नावाखाली. किंवा तुमच्या कंत्राटासाठी भांडतो. दोन्हीसाठी माझी तेवढी पोच नाही."

खांब उभे राहिले की त्या गावात माझं काहीच काम उरत नव्हतं. बोलायला काही नाही, सोडायला काही नाही, को-ऑर्डिनेट करायला काही नाही. हे त्याला कळत होतं आणि मला तर आधीच कळलं होतं. मी त्याला वऱ्हाडीत दोन-चार शिव्या दिल्या, त्याला त्या कळल्या नाहीत. मग म्हटलं, "खांब."

खांब बसले. एप्रिलमध्ये पुढचा ट्रान्सफॉर्मर आला. रामअवतारच चालवत होता. मी उगीचच गेलो होतो, विहारापाशी सावलीत उभा होतो. रोहिणी तोवर एका कंपनीत लागली होती, घरूनच. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांचे फोन घ्यायची. पगार फार नाही, पण खोलीला नवा पंखा आला होता आणि दारावर 'आवाज करू नये' अशी पाटी.

ट्रेलर आला. तार वर होती, भर उन्हातही पुरेशी वर. रामअवतारनं मला पाहून हात उचलला, पण वेग कमी केला नाही, कारण गरज नव्हती. शंभर टन माल त्या दारासमोरून गेला, दुकानाच्या काचा हलल्या, पानठेल्यावरच्या कोणी मान वर केली नाही. वंदनाताई झेरॉक्स काढत राहिल्या. आतून रोहिणीचा आवाज येत होता. कुठल्या तरी चिडलेल्या ड्रायव्हरला ती हिंदीत सांगत होती, भैया, आप पहले पूरा बताइए. मग ती ऐकत राहिली. मीही थोडा वेळ ऐकत उभा राहिलो, आणि मग मोटरसायकलला किक मारायच्या आधी गाडी ढकलत विहाराच्या पलीकडे नेली.